जॅकेट धरायला माणूस

सोमवार, ३ मार्च

आजपासून अबोला.

तारीख लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी "तूच आधी बोललीस" म्हणायला नको. कारणही लिहून ठेवते, कारण माझा स्वभाव असा की चार दिवसांनी राग शिल्लक राहतो आणि कारण विसरायला होतं.

शीतगृहाच्या मॅनेजरबाई आज दुकानात आल्या. दुकान म्हणजे आमची पुढची खोली. रस्त्याकडे दार, मधोमध भरतकामाचं मशीन, भिंतीला रंगीत रिळं आणि कोपऱ्यात सासऱ्यांची खुर्ची, कारण तिथून बाबांना रस्ता आणि आम्ही दोघं एकदमच दिसतो. बाईंच्या हातात एक निळं, उशीसारखं फुगलेलं जॅकेट होतं. त्यांच्या गोदामांत भाज्या गोठवून ठेवतात. आत सगळे तेच जॅकेट घालून, टोपी नाकापर्यंत ओढून फिरतात. पाठीमागून कोण कोण काही कळत नाही, एकाला हाक मारली की पाच जण वळतात. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव हवं. तेही हजेरीतलं नको, हाकेचं हवं.

"लंबूला आत लंबूच म्हणतात," बाई म्हणाल्या. "त्याचं खरं नाव लिहिलंत तर तो स्वतःच ओळखायचा नाही."

मी विचारलं, आतला कापूस किती जाड, अस्तर सुटं होतं का, खिसे कुठवर येतात. बाईंनी कौतुकाने बघितलं. "मशीन तुम्ही चालवता वाटतं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "ही मदतीला असते."

मदतीला!

ह्यांचं पाट्या रंगवायचं काम बंद पडलं तेव्हा हे मशीन घ्यायचं कोणी ठरवलं? कॉम्प्युटर कोण शिकलं? अक्षरं हे कागदावर काढतात, मान्य. सुरेख काढतात, तेही मान्य. पण कागदावरचं अक्षर टाक्यांत बसवतं कोण, सुया बदलतं कोण, दोरा अडकला की मशीनच्या पोटात डोकं घालतं कोण? मदतीला म्हणे. बाई गेल्या आणि मी गप्प झाले. ह्यांना ते रात्रीच्या जेवणापर्यंत कळलं नाही, यावरून समजा.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी हे म्हणाले, "अगं, कात्री कुठंय?" मी उत्तर दिलं नाही. "अगं, ऐकतेस ना?" तरी नाही. मग ह्यांनी कात्री स्वतः शोधली (ह्यांच्या खिशातच होती) आणि बाबांना म्हणाले, "ठीक आहे. मग मीपण नाही बोलत." तोंड असं केलं की जणू 'मदतीला असतो' असं मीच ह्यांच्याबद्दल म्हटलं होतं!

दुपारी बहिणीचा फोन आला. ती पडद्यांच्या दुकानात आहे. तिथे शिवणकामावर देखरेख करायला बाई हवी आहे, एक तारखेपासून. तिथे सगळे मॅडम म्हणतात. मी म्हटलं, जॅकेटं बावीस तारखेला द्यायची आहेत, ती गेली की नक्की सांगते. पण मनात हो म्हणून झालंच आहे. ह्यांना मदत करायला मदतनीस पुष्कळ मिळतील. बाबांनी काही ऐकलं नसावं, ते पेपर वाचत होते. पेपर मात्र उलटा धरला होता. चष्मा बदलायला झालाय त्यांचा.

गुरुवार, ६ मार्च

आज पहिलं जॅकेट मशीनवर चढवलं, म्हणजे चढवायची झटापट केली. साध्या शर्टाला कापड ताणून धरायची फ्रेम कशी चटकन बसते. हे जॅकेट फ्रेममध्ये कोंबायचं म्हणजे रुसलेल्या पोराला गणवेशात कोंबायचं. एक बाजू आवळली की दुसरी टुणकन बाहेर. शेवटी चुंबकाची फ्रेम आणली. ती वरून आणि खालून कापड गच्च धरते. कापडासोबत तिने ह्यांचं बोटही धरलं. हे जोरात ओरडले, पण कोणालाही उद्देशून नाही, त्यामुळे अबोला मोडला असं धरता येत नाही.

पुढची गंमत अशी की जॅकेट जड. निम्मं मशीनवर, निम्मं खाली लोंबतं, आणि लोंबणारा भाग फ्रेमला ओढतो. अक्षरं तिरकी होतात. म्हणजे मशीन चालू असताना कोणीतरी समोर उभं राहून उरलेलं जॅकेट दोन्ही हातांवर तोलायलाच हवं. फ्रेम डावीकडे गेली की त्यानेही डावीकडे जायचं. एकट्यादुकट्याचं काम नाही. मी बटणांपाशी, हे समोर, मधे दीड हाताचं अंतर. न बोलणाऱ्या नवराबायकोला याहून वाईट काम शोधूनही सापडलं नसतं.

निरोपाला बाबा आहेत. मी म्हटलं, "बाबा, त्यांना सांगा, डावी बाजू उचला."

बाबा ह्यांना म्हणाले, "ती म्हणते, हात भरून आले असतील तुझे, पण जरा डावी बाजू उचल."

असं काही मी म्हटलं नव्हतं. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे काहीच्या काही ऐकतात. ह्यांचं उत्तर बाबांनी मला सांगितलं, "तो म्हणतो, तू सांगशील तसं. यातलं तुलाच कळतं." मला नुसता "हं" ऐकू आला होता. बाकीचं मशीनच्या आवाजात गेलं असणार. बोलले तर बरंच म्हणायचं, पण बाईंसमोर का नाही बोलले?

'लंबू' संपवून बघितलं तर 'लबू'. टिंब कापसात बुडालेलं. ह्यांचा चेहरा घरात कोणी आजारी पडल्यासारखा झाला. पाट्या रंगवायचे तेव्हापासूनचा ह्यांचा हेका, अक्षर एक वेळ वाकडं चालेल, पण टिंब गळता कामा नये. एका वाण्याच्या पाटीवरचं टिंब राहिलं म्हणून जेवणावरून उठून, शिडी खांद्यावर टाकून गेलेले मी पाहिलेत.

रविवार, ९ मार्च

मार्ग सापडला. आधी जागेवर बारीक टाक्यांची जाळी मारायची, म्हणजे कापूस दबतो. मग वरून एक पातळ पारदर्शक फिल्म ठेवायची आणि तिच्यावर अक्षर भरायचं, म्हणजे टाके आत शिरत नाहीत. फिल्म नंतर पाण्याने विरघळते. हे सगळं मी डोकं लावून काढलं. अक्षरं अशी टपोरी उठली की बाबांनी त्यावरून हात फिरवला.

टिंबांचं मात्र रडगाणं चालूच. चार टाक्यांचा जीव, दोरा कापला की सुटतो. आणि बाईंनी पाठवलेली नावं बघा, उंट, बंब, घुंगरू, लंबू. त्या गोदामात टिंब नसलेल्याला नोकरीच देत नाहीत वाटतं! ते काम ह्यांनी आपणहून घेतलं. मशीनवरून जॅकेट उतरलं की हे भिंग आणि हातसुई घेऊन बसतात, प्रत्येक टिंबाला आतून गाठ मारतात, वरून ओढून बघतात. सुटलं तर पुन्हा. मी लक्ष देत नाही. पण काम चोख आहे, जे आहे ते आहे.

मंगळवार, ११ मार्च

आज घात झाला.

माझं मनगट दुखत होतं म्हणून जागा बदलल्या. हे बटणांपाशी (आता चालू-बंद आणि थोडंफार येतं ह्यांना), मी समोर जॅकेट धरून. पाठीवर 'जावईबापू' यायचं होतं. पहिलं अक्षर होत आलं आणि मला दिसलं, डावी बाही सरकून फ्रेमखाली चाललीय. ह्यांना तिकडून दिसणं शक्य नव्हतं, माझे दोन्ही हात गुंतलेले. एरवी मी "अहो, बाही!" म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

मी ओरडले, "बाबा, त्यांना सांगा, बाही!"

"कोण बाई?"

"बाही! बाही आत गेली!"

"बाई आत गेल्या?" बाबा ताडकन उभे राहिले. "अरे, मॅनेजरबाई आल्यात! आत गेल्यासुद्धा!"

हे मशीन तसंच चालू ठेवून, केसांवरून हात फिरवत आतल्या खोलीकडे धावले. तिथे कोणी नव्हतं. परत आले तेव्हा 'जा' पुरा झाला होता, आणि बाही त्या 'जा'ला कायमची शिवली गेली होती. जॅकेट उचललं तर स्वतःचीच पाठ थोपटत असलेल्या माणसासारखं दिसत होतं.

बाबा हसायला लागले. मलाही हसू आलं, पण मी ते खोकल्यात घातलं. हेही तेव्हाच खोकले.

बुधवार, १२ मार्च

सकाळभर उसवलं. बाही सुटली, पण तिच्यावर सुईची भोकं राहिली, भोकांतून कापूस डोकावतोय. फुगीर कापडाचं हेच वाईट, एकदा टोचलं की विसरत नाही. पाठीवरचा 'जा' तसाच ठेवला, तो काढला तर आणखी भोकं. मॅनेजरबाईंना फोन करून खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक जास्तीचं आहे, ते पाठवते. पण आता दुसरं नाही. आणि बावीसचा शनिवार चुकवू नका, त्या सोमवारपासून नवी माणसं येतायत. हे चांगलं झालं तर दुसऱ्या गोदामाचंही तुमच्याकडेच."

बिघडलेलं जॅकेट खुंटीला टांगलंय, पाठ बाहेर करून. खोलीत शिरलं की समोर मोठ्या पांढऱ्या अक्षरात 'जा'. बरोबरच आहे, जाणारच आहे मी.

शनिवार, १५ मार्च

काम आता तालात चाललंय. मी फ्रेम लावते, मान हलवते, हे जॅकेट उचलतात. दोरा संपत आला की मी बोटाने टेबलावर एकदा वाजवते, थांबायचं असलं की दोनदा. बाबांची गरज फारशी उरली नाही. त्यांना ते आवडलेलं दिसत नाही, मधूनच न मागितलेले निरोप देतात. आज म्हणाले, "तो विचारत होता, तुझं मनगट कसं आहे." मी म्हटलं, बरं आहे म्हणून सांगा. बाबा ह्यांच्याकडे जाऊन म्हणाले, "ती म्हणते, तू विचारलंस, बरं वाटलं." हे माझ्याकडे असे बघत राहिले जणू काही विचारलंच नव्हतं. किती तो मानभावीपणा!

एक गोष्ट लक्षात आली. जॅकेटांवर सगळ्यांची हाकेची नावं भरतेय आणि मला स्वतःला इतक्या दिवसांत कोणी हाक मारलेली नाही. बाबा "बाळ" म्हणतात, ते तर मांजरालाही म्हणतात. ह्या घरात माझं हाकेचं नाव म्हणजे 'अगं'. दिवसातून शंभर वेळा. अगं कात्री, अगं चहा, अगं बघ तरी. कानाला कटकट होती. आता खोलीत मशीन थांबलं की अगदी शांत असतं.

असू दे. पडद्यांच्या दुकानात मॅडम म्हणतील.

बुधवार, १९ मार्च

दोरा आणायला गेले होते. परत आले तर मशीन गरम, आणि एका सुईत पिवळा दोरा. आमच्या कामात पिवळा कुठेच नाही! कॉम्प्युटरचा माऊस डाव्या हाताला सरकवलेला. बाबा पत्ते खेळत असणार त्याच्यावर. ह्यांना विचारावं तर अबोला. हे डाव्या हाताने (डावखुरेच आहेत हे) शांतपणे 'घुंगरू'चं टिंब शिवत बसले होते. टिंब एकच असतं हो घुंगरूला, पण ह्यांना बघून वाटतं दहा असावीत.

खुंटीवरचं ते 'जा' पण दिसत नाही. टाकून दिलं असेल. चला, तेवढीच नजरेसमोरची ब्याद गेली. तरी टाकायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं, असं वाटून गेलं. का वाटलं देव जाणे.

शनिवार, २२ मार्च

दिली!

जॅकेटं घेऊन दोघंही गेलो. रिक्षात मधे गठ्ठे, म्हणून एकमेकांचं तोंड दिसलं नाही, ते सोयीचं झालं. शीतगृहाच्या दारातच गारठा अंगावर आला. आतली माणसं जमली, आपापली नावं शोधू लागली. एकजण दाराएवढा उंच होता, त्याने जॅकेट घातलं आणि सगळे ओरडले, "लंबू!" तो गर्रकन वळला. नाव मागे आहे हे विसरून पाठ बघायला गोल गोल फिरत होता.

मॅनेजरबाईंनी एका अक्षरावरून बोट फिरवलं, टिंब नखाने खरवडून बघितलं. ते जागचं हललं नाही. "फार सुबक झालंय. कोणाचं काम हे?"

मी जमिनीकडे बघत होते. म्हटलं, आता ऐकायचं पुन्हा.

हे म्हणाले, "हिचं. मी जॅकेट धरायला असतो."

बाई हसल्या, त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या गोदामाचंही काम दिलं. ते माझ्या कानात नीटसं शिरलं नाही.

खरं सांगायचं तर ते बोलणं खोटंही आहे. अक्षरं ह्यांची, टिंबं ह्यांची. पण मी तिथे दुरुस्ती केली नाही. येताना गठ्ठे नव्हते, रिक्षात मधे नुसती रिकामी जागा होती, आणि मला बोलावंसं फार वाटत होतं. पण काय बोलायचं? एकदा अबोला धरला की मोडायला काहीतरी निमित्त लागतं. "ऊन फार आहे" हे काय निमित्त झालं? शिवाय तारीख लिहून ठेवलीय. आधी मी बोलायचं म्हणजे...

घरापर्यंत कोणीच बोललं नाही. बाबांनी दारातच विचारलं, "काय झालं?" आणि दोघांचीही तोंडं बघून कपाळावर हात मारला.

सोमवार, २४ मार्च

सकाळी बहिणीला होकार कळवायचा होता. फोन हातात घेऊन पुढच्या खोलीत आले तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक निळं जॅकेट. तेच. बाहीवरच्या भोकांवरून पिवळी वेल चढवलेली, मनगटापासून कोपरापर्यंत, एकही भोक दिसत नव्हतं. टाके जरा ताणलेले, शिकाऊ हाताचे. आणि पाठीवर 'जा' होता तिथे 'जा' नव्हता. तो उसवून, त्याच्या खुणांवर भरगच्च पिवळी दोन अक्षरं होती.

'अग'.

मी उभी राहिले ती राहिलेच. डोळ्यांना पाणी आलं, ते लिहायला लाज कसली. हे खिडकीशी पाठमोरे उभे राहून ब्रश पुसत होते. पाट्या बंद झाल्यापासून त्या ब्रशला रंग लागलेला नाही, पुसायचं काय होतं त्यात? बाबा खुर्चीत पेपर घेऊन. पेपर उलटा.

मी पुन्हा अक्षरांकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"टिंब राहिलं."

हे वळले. "कुठं?"

"कुठं म्हणजे? 'ग'वर! अग काय अग? अगं!"

"हो की!" हे म्हणाले. "राहिलंच म्हणायचं."

"सगळ्या गोदामाची टिंबं भिंगातून बघितलीत, आणि घरचं विसरलात!"

"विसरलो खरा. आता गं?"

आता काय? मीच सुईत पिवळा दोरा ओवला. जॅकेट एवढं जड की एका हाताने धरता येईना. हे समोर येऊन उभे राहिले, दोन्ही हातांवर तोलून धरलं. मी टाका घालत होते तर म्हणतात, "अगं, जरा मोठं घे, बुडेल."

"अहो, कळतं मला."

बाबांना इतका खोकला आला की त्यांना बाहेर जावं लागलं. मग मी ह्यांना म्हटलं, माझं मनगट विचारलंत तेव्हा बरं वाटलं होतं. हे म्हणाले, "मी? कधी?" अजून लाजतात. इतक्या वर्षांनी!

जॅकेट घालून बघितलं. एवढ्या उकाड्यात घामाच्या धारा लागल्या, पण दुपारपर्यंत काढलं नाही. दुसऱ्या गोदामाची मापं घ्यायला आत जावं लागणार, तेव्हा हेच घालीन. बहिणीला फोन करून सांगितलं, पडद्यांचं नाही जमायचं. इथे जॅकेट धरायला माणूस आहे, पण मशीन चालवायला कोणी नाही.

एकच काळजी लागून राहिलीय. एवढं मोठं टिंब ह्यांच्या नजरेतून सुटलंच कसं? आजवर कधी झालं नाही. उद्या बाबांचा चष्मा बदलायला जायचंच आहे, ह्यांचेही डोळे तपासून घेते.